गोव्यात ऑफरोडिंग करायचंय? मग समुद्राकडे पाठ करा

लग्न करून फोंड्याला आले तेव्हापासून माझ्या माहेरच्या माणसांचा गोवा कसा कसा बदलत गेला ते मी बघतेय. पूर्वी सांगलीहून कोणी आलं की मंगेशी, शांतादुर्गा, संध्याकाळी एखादा बीच, रात्री मासे, जाताना काजू आणि कोकम, झाला गोवा. आता पाहुणा बॅग खाली ठेवायच्या आधीच विचारतो, "थार कुठं मिळते भाड्यानं?" थार नाही घेतली तर गोवा बघितला असं बहुतेक धरतच नाहीत.

यंदा भाऊबीजेला दादा सगळ्यांना घेऊन आला. वहिनी, आई, इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि आठवीतली भाची. आमच्याकडे नरकासुर जाळून झालेले, रस्त्यावर त्यांच्या कागदाचा आणि गवताचा कचरा अजून पडलेला, आणि भाचेराव आले ते मोबाइलमध्ये रील्स सेव्ह करूनच. प्रत्येक रीलमध्ये तेच, काळी थार, टप काढलेला, लाटेच्या कडेकडेनं पळतेय, दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे आणि मागे ढॅणढॅण म्युझिक. "आत्या, आपल्याला हे करायचंय." मी म्हणलं करू की ऑफरोडिंग, पण हे नाही. त्याचं तोंड जे पडलं ते कुळ्याला, म्हणजे दूधसागर धबधब्याच्या जीप सुटतात त्या गावाला, पोचेपर्यंत बहुतेक पडलेलंच होतं, म्हणून म्हणलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं, पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक पाठवायची आणि आपण चहा प्यायला मोकळं.

तर पहिलं म्हणजे बीचवर गाडी घालणं गोव्यात बेकायदा आहे. पोलीस गुन्हा नोंदवतात, गाडी जप्त करतात, आणि गाडी भाड्याची असेल तर मालक पण अडकतो, म्हणजे डिपॉझिट विसरायचं. वाळूवर तुम्हाला जी जीप दिसते ना ती जीवरक्षकांची असते, ती बघून "त्यांची चालते मग आमची का नाही" असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. बाबांनो, ते माणसं वाचवायला फिरतात, तुम्ही लाइक मिळवायला.

बरं कायदा बाजूला ठेवा. गाडीच्या बाजूनं बघा. थारचं वजन पावणेदोन टनाच्या आसपास, टायरमध्ये हवा रस्त्यासाठी भरलेली, तिशीच्या घरातली. वाळूत गाडी चालवणारे लोक वाळवंटात शिरायच्या आधी टायरची हवा अर्ध्यावर आणतात, म्हणजे टायर पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं, आणि बाहेर आल्यावर परत भरायला कॉम्प्रेसर सोबत ठेवतात. आपला पर्यटक काय करतो, फुल हवेच्या टायरनं सरळ कोरड्या वाळूत घुसतो, गाडी अडली की घाबरून ॲक्सिलेटर दाबतो, आणि चाक जितकं फिरतं तितका खड्डा खोल होतो. पाच मिनिटांत गाडी पोटावर बसलेली. ओली वाळू दिसायला टणक वाटते म्हणून लोक पाण्याजवळ जातात, तिथे तर आणखी मजा, लाट परत जाताना चाकाखालची वाळू घेऊन जाते. आणि भरती काही तुमची वाट बघत थांबत नाही, साधारण साडेबारा तासांनी एक भरती येते म्हणजे ओहोटीच्या तळाला अडकलात तर तुमच्याकडे सहा तास आहेत, आणि खरं तर तेवढेही नाहीत कारण पाणी चाकाला लागायला तितका वेळ लागत नाही.

मोरजीला हे मी डोळ्यांनी बघितलंय. संध्याकाळची वेळ, चार मुलं, गाडी अर्ध्या दारापर्यंत पाण्यात, एक जण बोनेटवर बसून फोनवर कोणाला तरी "भाई प्लीज" करतोय. शेवटी तिथल्याच मच्छीमारांनी दोर लावला आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढावी तशी दोन्हीकडून माणसं लावून गाडी ओढली. रापणीत निदान मासे तरी येतात, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आणि सगळा किनारा हसला. गाडी बाहेर आली पण खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं वायरिंग, बेअरिंग, ब्रेक, सगळ्याला नंतर महिनोन्महिने गंज खात राहतो. तो खर्च रीलमध्ये दिसत नाही.

आणि मोरजीच म्हणलं तर कासवांचं सांगायलाच पाहिजे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, नोव्हेंबरपासून पुढे उन्हाळा लागेपर्यंत. मादी रात्री येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. वन खात्याची माणसं घरट्याभोवती जाळी लावतात, पाळत ठेवतात, पण प्रत्येक घरटं पहिल्याच रात्री सापडतं असं नाही. त्याच्यावरून पावणेदोन टन गेले की खाली काय होत असेल. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात, तळहातावर मावतील एवढी, आणि उजेडाच्या दिशेनं समुद्राकडे निघतात. चाकाची चाकोरी त्यांच्यासाठी दरी असते, त्यात पडलं की पिल्लू चाकोरीतूनच सरळ चालत राहतं, मग कावळा, कुत्रा, ऊन, जे आधी येईल ते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे हे कासव, म्हणजे वाघाच्या रांगेत. भाचीला हे सांगितलं तर ती लगेच माझ्या पार्टीत आली. भाचा म्हणाला, "पण आत्या आपण कासव नसेल तिथं जाऊ ना." घ्या.

थार मात्र आम्ही घेतली. म्हणजे दादालाच घ्यायची होती, तो भाच्याचं नाव पुढं करत होता. भाड्याची गाडी घेताना एक बघा, नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असली पाहिजेत. पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात देतो म्हणणारे भेटतात, ती खाजगी गाडी असते, पोलिसांनी अडवलं की सुट्टीचा अर्धा दिवस तिथेच जातो. दुसरं म्हणजे, गिअरच्या शेजारी दुसरी छोटी दांडी, चारही चाकांना जोर देणारी, आहे का ते बघा. २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी पण येते, दिसायला सेम टू सेम, आणि भाड्याला अशा गाड्या भरपूर फिरतायत. लोक फोर बाय फोर समजून घेतात आणि चिखलात जाऊन बसतात. आमच्या वाट्याला आलेली गाडी तसलीच होती. भाचेरावांनी दांडी शोधली, सापडली नाही, पाच मिनिटं गप्प. शिवाय भाडेवाल्यानं लायसन बघितलं आणि म्हणाला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग दादाकडे. दादानं सांगलीत आयुष्यभर वॅगनआर चालवलेली, थारमध्ये बसल्या बसल्या कॉलर ताठ.

पहिल्या दिवशी भाच्याची समजूत काढायला म्हणून हडफडे-हणजूणकडे एका खाजगी जागेत केलेल्या ट्रॅकवर एटीव्ही चालवायला गेलो. ती चार चाकी मोटारसायकल हो, फुगीर टायरची. मला वाटलं होतं जत्रेतल्या गाडीसारखा प्रकार असेल, पण नाही, मजा आली खरी. मी पण चालवली. क्लच नाही, गिअरची कटकट नाही, उजव्या अंगठ्यानं एक लिव्हर दाबायची की गाडी पुढे. अंगठा दहा मिनिटांत दुखायला लागतो हे मात्र कोणी आधी सांगत नाही. आणि टू-व्हीलरची सवय असलेल्या माणसाला वळताना फसायला होतं, कारण ही गाडी झुकत नाही, हँडल वळवलं तरी मागची दोन चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट असल्यानं तिला सरळच जायचं असतं. मग आपणच सीटवर सरकून आतल्या बाजूला वजन टाकायचं. वहिनी स्कूटीच्या सवयीनं वळणावर पाय खाली टेकवायला गेली तेव्हा तिथला मुलगा जोरात ओरडला, आणि बरोबर ओरडला, खाली टेकवलेल्या पायावर मागचं चाक चढतं, एटीव्हीवर पाय मोडायची ही सगळ्यात सोपी पद्धत. हेल्मेट घाला, पाय फूटरेस्टवर ठेवा, आणि एका सीटच्या गाडीवर मागं कोणाला घेऊ नका, कितीही प्रेम असलं तरी. बाकी ट्रॅक छोटाच असतो, दोन-चार उंचवटे, चिखलाचा एक खड्डा, जुने टायर लावलेली वळणं, तिसऱ्या फेरीला पाठ होतं सगळं. ही गाडी रस्त्यावर आणायला परवानगी नाही, त्यामुळे कोणी "चला बाहेर फिरवून आणतो" म्हणालं तर नको म्हणा. भाच्याचा चेहरा जरा उजळला पण त्यानं रील काही टाकली नाही. चिखलाचा खड्डा बहुतेक पुरेसा खोल नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठवलं सगळ्यांना. आईला म्हणलं तू घरी थांब, पाठीला धक्के बसतील. आई म्हणाली, "मी काय इथं तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला आलेय का?" आई अडुसष्ठ वर्षांची आहे आणि कमरेला पट्टा लावते. पट्टा लावला आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. आम्ही सात जण, आणि कुळ्याच्या जीपमध्ये बसतात पण सातच, त्यामुळे आमची जीप आमच्याच घरानं भरली. तुम्ही तीन-चार जण असाल तर तिथं रांगेतल्याच दुसऱ्या लोकांबरोबर जमवून घ्यावं लागतं, मग भाडं वाटून जातं, पण बरोबर कोण येईल ते नशीब.

फोंड्याहून तिस्क, धारबांदोडा, मोले, आणि तिथून उजवीकडे कुळे. रस्त्याला दोन्हीकडे हिरवं, मधे मधे लाल डोंगर कापलेले, ते जुन्या मायनिंगचे. कुळ्याला पोचलात की तुमची गाडी, मग ती थार असो नाहीतर आणखी काही, पार्किंगला लावायची. पुढे अभयारण्य आहे, भगवान महावीर अभयारण्य, त्यातच मोलेचं राष्ट्रीय उद्यान, सगळं मिळून २४० चौरस किलोमीटर, आणि धबधब्याच्या रस्त्यावर खाजगी गाडी सोडत नाहीत. म्हणजे आमची चकचकीत थार झाडाखाली उभी, आणि आम्ही पत्र्याला चार ठिकाणी ठोकून सरळ केलेल्या जुन्या महिंद्रात. दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. मला तर फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुकिंगचं आधी चौकशी करून या. ऑनलाइन की कुळ्याच्या काउंटरवर यावरून मधे जीपवाल्यांचं आंदोलन पण झालं होतं, त्यामुळे यंदा काय पद्धत आहे ते निघायच्या आधी विचारलेलं बरं. सकाळी लवकर जा हे मात्र कायमचं, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत नऊनंतर गेलात तर रांगेतच दुपार होते. जीपचं भाडं वेगळं, वन खात्याची फी वेगळी, लाइफ जॅकेटचं भाडं वेगळं, आणि जॅकेट सक्तीचं आहे. "मला पोहता येतं" वगैरे तिथं चालत नाही आणि चालू पण नये. चेकपोस्टवर पिशव्या बघतात, दारू सापडली तर काढून घेतात, प्लास्टिकवर लक्ष असतं. वहिनीनं चकलीचा डबा आणला होता, तो पास झाला.

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, पायात साध्या सपाता, गळ्यात टॉवेल. जीपमध्ये एसी नाही, म्युझिक नाही, खिडकीला काच पण नाही. सुरुवातीला गावातून साधा रस्ता, मग माती, आणि मग एकदम पहिलं पाणी. ओहोळ म्हणायचा त्याला पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस नुकताच संपलेला असतो त्यामुळे चांगलं दारापर्यंत येतं. भाचा पुढं बसला होता, त्यानं मोबाइल काढला. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, आत ठेव नायतर पाण्याखाली व्हिडिओ येतलो." आणि गाडी घातली.

इथं मला कळलं की खरं ऑफरोडिंग म्हणजे काय. मला वाटत होतं जोरात घालायची गाडी पाण्यात, फवारे उडवत. हा माणूस काठावर जवळजवळ थांबला, पहिला गिअर टाकला, आणि एका लयीत हळूहळू गाडी आत नेली. ना कमी ना जास्त. मधे गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, थांबायचं तर अजिबातच नाही. दादानं विचारलं का हो असं, तर म्हणाला, हळू गेलं की पाणी गाडीच्या पुढं पुढं ढकललं जातं, बोनेटखाली जरा खळगा तयार होतो आणि इंजिन कोरडं राहतं. जोरात घातली की पाणी उडून हवेच्या नळीतून आत, आणि इंजिननं एकदा पाणी ओढलं की आतला दांडा वाकतो, मग गाडी जागेवर खलास. शिवाय तळाला वाळू नाही, गोल गुळगुळीत धोंडे आहेत, पावसाळ्यात ते जागा बदलतात, त्यामुळे दर ऑक्टोबरला नवीन वाट शोधावी लागते, कुठल्या झाडाच्या रेषेत शिरायचं आणि कुठल्या दगडाकडे बाहेर पडायचं ते त्याला पाठ. भाचा मोबाइल मांडीवर ठेवून ऐकत होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जे कोणी सांगितलं नाही ते सपाता घातलेल्या माणसानं सांगितलं, असं तोच नंतर आईला म्हणाला.

अशी तीन पाणी लागतात वाटेत. मधला रस्ता म्हणजे झाडांची मुळं, दगड, खड्डे, समोरून जीप आली की एकानं जंगलाच्या कुशीत चढून उभं राहायचं. आम्ही मागं समोरासमोरच्या बाकांवर, गुडघ्याला गुडघे लागलेले, प्रत्येक खड्ड्याला डोकं वर टपाला लागायचं. आई मधोमध बसलेली, एका हातानं वरचा दांडा आणि दुसऱ्या हातानं माझ्या नवऱ्याची कॉलर धरून. जावयाची कॉलर धरायची ही सोय कुळ्याशिवाय कुठं नाही. एका वळणावर ड्रायव्हरनं गाडी बंद केली आणि वर बोट दाखवलं, शेकरू, मरून रंगाचं, शेपटीच स्वतःच्या अंगाएवढी, फांदीवरून फांदीवर. आम्ही सगळे वर बघत होतो आणि भाची खाली, तिला गव्याचं शेण दिसलं होतं. ताजं होतं म्हणे.

ड्रायव्हर पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा. २०१२ ला मायनिंग थांबलं, परत सुरू झालं, २०१८ ला परत थांबलं, ट्रकचे हप्ते राहिले. या भागातल्या कितीतरी घरांची तीच कथा आहे. जीप सीझनमध्येच चालते, जून ते सप्टेंबर सगळं बंद, त्यामुळे वर्षाचे पैसे या सात-आठ महिन्यांत काढायचे. म्हणून मला ते "जीपवाले लुटतात" टाइपचे रिव्ह्यू वाचले की राग येतो. माणसाला एवढे पैसे लागतातच, डिझेल आहे, वन खात्याची फी आहे, आणि दरवर्षी क्लच प्लेट, ब्रेक, पाटे बदलायचे, त्या रस्त्यावर रोज जाऊन कुठली गाडी टिकणार. हां, मीटरप्रमाणे हिशोब केला तर दहा-बारा किलोमीटरसाठी महाग वाटेल. पण मग त्या किलोमीटरवर एकदा तुमची वॅगनआर घालून बघा.

जीप थांबते तिथून पुढं दगडांवरून थोडं चालायचं, दहा-पंधरा मिनिटं. आईला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. माकडं फार धीट आहेत, वहिनीच्या हातातल्या पिशवीत चकली आहे हे त्यांना आमच्या आधी माहीत होतं. डबा गेला. आणि मग झाडी संपते आणि समोर दूधसागर, तीनशे दहा मीटर, मान मागं टाकून टाकून बघावा लागतो, मधून रेल्वेचा पूल गेलेला. आम्ही पोचलो आणि नेमकी मालगाडी आली, पुढं इंजिनं, मागं ढकलायला पण इंजिनं, कारण त्या घाटात चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढं जायला एक मीटर वर. ही लाइन पोर्तुगीजांच्या काळातली, १८८८ मधली, मुरगाव बंदरापासून घाटावर जाणारी. रूळ दुहेरी करायचं काढलं होतं, जंगलासाठी लोक रस्त्यावर उतरले, आणि कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली. ते झाड तोडणं किती जवळ आलं होतं ते शेकरू बघितल्यावर जास्त कळतं.

रुळावरून चालत यायचं मात्र डोक्यात आणू नका. तिथं उतरायला बंदी आहे, २०२३ च्या जुलैमध्ये रुळावरून चालणाऱ्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. भाच्याला ते आठवलं आणि तो एकदम म्हणाला, "तसली रील नको आपल्याला." चला, सुधारणा.

खालच्या डोहात जॅकेट घालून उतरता येतं. पाणी इतकं गार की दादा ओरडत बाहेर आला. मासे पायाला चावतात, छोटे छोटे, गुदगुल्या होतात. आम्हाला मिळालेला वेळ तासभर, तो कपडे बदलायच्या रांगेसकट धरलेला असतो हे लक्षात ठेवा. बायकांनी घरूनच पंजाबी ड्रेसखाली लवकर वाळणारे कपडे घालून यावं आणि वर नुसता टॉवेल गुंडाळून जीपमध्ये बसावं हा माझा सल्ला, जीपची सीट काय, तिनं सगळं बघितलंय. चपला नकोत, मागं पट्टा असलेले सँडल घाला, शेवाळावरून घसरून पडलेले लोक दर तासाला दिसतात. फोनसाठी प्लास्टिकचं पाऊच गळ्यात.

परत येताना भाचा पुढं बसला नाही. मागं आजीजवळ बसला आणि ड्रायव्हरच्या पायाकडे बघत होता, क्लच कधी दाबतो, ब्रेक कधी लावतो. शेवटच्या पाण्याच्या आधी म्हणाला, "आता पहिला टाकणार." टाकला. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि हसला.

कुळ्याला जेवलो, फिश थाळी, बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, आईला शाकाहारी थाळीत मुगागाठी. मग वेळ होता म्हणून तांबडी सुर्ल्याला गेलो, मोल्यापासून आत, इथं मात्र आपली थार चालते कारण रस्ता डांबरी आहे. कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, बाराव्या-तेराव्या शतकातलं, बेसॉल्टचं. गोव्यात सगळीकडे जांभा दगड, हा काळा दगड घाटावरून आणला म्हणतात, आणि कुठल्या गाडीतून आणला असेल हा प्रश्न दादाला तिथं बराच वेळ पडला होता. त्यानं थारचा फोटो मात्र देवळाबाहेर काढून घेतलाच, गॉगल लावून. चाकाला चिखल नव्हता म्हणून भाचीनं बाटलीतलं पाणी आणि माती कालवून लावला.

आई घरी येऊन झोपली आणि सकाळी उठल्या उठल्या सांगलीला मावशीला फोन. मंगेशीचं एक वाक्य, बाकी अर्धा तास जीप. मावशी आता फेब्रुवारीत येते म्हणतेय. मी तिला सांगितलंय, पाणी हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, फेब्रुवारीपर्यंत ओहोळ उतरतात, जीप चालते पण मग नुसते धोंडे आणि धूळ, धबधबा पण बारीक होतो. मे संपता संपता सगळं बंद. ती म्हणाली मग तिकीट बदलते, पण थार कुठं मिळते भाड्यानं ते सांग.